चहाची सुट्टी, अणूची बॅटरी आणि आपण

पुण्याजवळच्या एका एमआयडीसीत पाण्याचे इलेक्ट्रॉनिक मीटर बनवणाऱ्या कंपनीत मी डिझाइन विभागात काम करतो. नोकरीला लागलो त्याच आठवड्यात चहाच्या सुट्टीत एका सहकाऱ्यानं विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. "मूळचे कुठले?" म्हटलं, बीड जिल्हा. "हो, पण गावात नेमकं कुठं घर?" हा तिसरा प्रश्न कशासाठी असतो, हे आपल्यापैकी कोणालाही समजावून सांगायची गरज नाही. मी म्हणालो, "जयभीमवाला आहे मी." क्षणभर सगळे गप्प. मग कोणीतरी क्रिकेटचा विषय काढला.

दुसऱ्या दिवसापासून मी चहाला जाणं बंद केलं. पुढची दोन वर्षं मी माझा चहा जागेवरच प्यायलो.

मला त्यात स्वाभिमान वाटत होता. इथं गप्पा मारायला आलेलो नाही, माझं काम बोलेल, असं मी स्वतःला सांगत होतो. आपल्या अनेक शिकलेल्या पोरापोरींचा हाच पवित्रा असतो आणि तो कुठून येतो हे मला माहीत आहे. पण तो पुरेसा नाही, हे मला एका बॅटरीनं शिकवलं.

जानेवारी २०२४ मध्ये बीजिंगच्या बीटाव्होल्ट या कंपनीनं 'बीव्ही१००' नावाची नाण्याएवढी अणुबॅटरी जाहीर केली. ५० वर्षं चार्जिंगशिवाय चालेल, असा कंपनीचा दावा. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर 'आता मोबाइल आयुष्यभर चार्ज करायला नको' असे मेसेज फिरू लागले. आमच्या मीटरमधला लिथियमचा सेल दहाएक वर्षांत संपतो आणि तो बदलायला माणूस पाठवावा लागतो. त्यामुळे ही बॅटरी आपल्या कामाची आहे का हे तपासायला कंपनीत चार जणांचा गट नेमला गेला. कमी विजेवर चालणारी सर्किटं हे माझं रोजचं काम, तरी त्या गटात मी नव्हतो. साहेबांना विचारलं तेव्हा ते खरोखर गोंधळले. म्हणाले, "अरे, चहा पिताना विषय निघाला, तिथं जे होते त्यांना घेतलं. तुला यात रस आहे हे मला कुठं ठाऊक?"

मला राग आला. पण रात्री शांतपणे विचार केला तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटल्या. त्या टपरीवरून मला बाहेर ढकललं ते जातीनं. आणि तिथं घडणाऱ्या निर्णयांना मी 'फालतू गप्पा' समजत होतो, ही माझी चूक होती.

मी गटात नाव घालून घेतलं आणि हिशेब मांडला. या बॅटरीत निकेल-६३ हे किरणोत्सारी द्रव्य असतं. त्याचे अणू एकेक करून फुटतात, बीटा कण म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर टाकतात आणि त्यांचं साधं तांबं होतं. हे इलेक्ट्रॉन हिऱ्याच्या पातळ अर्धवाहक थरावर आदळून त्यात वीज निर्माण करतात. सूर्यकिरणाऐवजी बीटा कण पडणारं सोलर पॅनेलच म्हणा. निम्मे अणू फुटायला सुमारे १०० वर्षं लागतात, म्हणून बॅटरी टिकते. पण शक्ती किती? फक्त १०० मायक्रोवॅट. एक वॅट खाणारा मोबाइल चालवायला अशा दहा हजार बॅटऱ्या लागतील. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज थापच.

मीटरचं गणित मात्र वेगळं निघालं. मीटर बहुतेक वेळ झोपलेला असतो, तेव्हा त्याला अगदी थोडी वीज लागते. दिवसातून एकदा तो सेकंदभर रेडिओवरून आकडे पाठवतो, तेव्हा १५० मिलिवॅट लागतात. ही बॅटरी देते त्याच्या दीड हजारपट. पण तिची वीज कपॅसिटरमध्ये थेंबथेंब साठवत राहिलं, तर बाकी वापर बाजूला ठेवून २५ मिनिटांत त्या एका सेकंदाची सोय होते. अडचण निकेल-६३ ची आहे. ते अणुभट्टीत बनवावं लागतं, महाग पडतं, आणि किरणोत्सारी वस्तू म्हटलं की एईआरबीची परवानगी आली. गटाचा निष्कर्ष होता: तत्त्वतः जमेल, आज परवडणार नाही.

हे काम करताना मी पुन्हा चहाला जाऊ लागलो. आणि टपरीवर एक गोष्ट दिसली, जी दोन वर्षं आधीच दिसायला हवी होती. इंजिनिअर एका बाजूला उभे राहत. कंत्राटी सफाई कामगार मावश्या भिंतीच्या कडेला आपापले कप घेऊन बसत. मी इंजिनिअरांच्या घोळक्यात जागा मिळवण्यासाठी धडपडत होतो, पण त्या मावश्यांशी दोन वर्षांत माझं 'केर काढला का' यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. मीही एक भिंत पाळतच होतो.

एक दिवस मी कप घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसलो. एका मावशींच्या घरी बाबासाहेबांचा फोटो आहे, त्या आमच्याच शेजारच्या तालुक्यातल्या, हे पाच मिनिटांत कळलं. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "दादा, तुमचं ते नवं बॅटरीचं काम चाललंय म्हणत्यात. ती संपली की कुठं टाकायची?" मी म्हटलं, "ती लवकर संपत नाही मावशी." त्या म्हणाल्या, "आत्ताच्या संपत्यात की. कचऱ्यातच येत्यात. आमचे दीर भंगारात आहेत, ते फोडत्यात. घसा जळतो म्हणत्यात, डोळ्यातून पाणी येतं."

आमच्या मीटरच्या लिथियम सेलमध्ये थायोनिल क्लोराइड असतं. सेल फुटला की घसा आणि फुप्फुसं जाळणारी वाफ निघते. हे मला माहीत होतं, सेलच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. मावशींच्या दिरापर्यंत ते कोणी पोहोचवलं नव्हतं. आणि आमच्या चौघांच्या नोंदीत ५० वर्षांचा हिशेब होता, पण ५१ व्या वर्षी ती बॅटरी कोणाच्या हातोड्याखाली येणार, हा प्रश्न एका ओळीतही नव्हता.

मित्रांनो, हा प्रश्न काल्पनिक नाही. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात हेच घडलं. दिल्ली विद्यापीठातलं, १९८५ पासून न वापरलेलं गॅमा विकिरणाचं यंत्र भंगार म्हणून लिलावात निघालं. आत कोबाल्ट-६० होतं. कामगारांनी शिशाचं कवच फोडलं, तुकडे केले. अनेक जण किरणोत्सारानं भाजले आणि एका कामगाराचा जीव गेला. कोबाल्ट-६० चे भेदक गॅमा किरण आणि निकेल-६३ चे दुबळे बीटा कण यांत मोठा फरक आहे. निकेलचे कण बॅटरीच्या आवरणातच अडतात. पण आवरण शाबूत असेल तोवरच, आणि भंगारवाल्याचं कामच आवरण फोडायचं आहे. १९७० मध्ये पॅरिसमध्ये प्लुटोनियम-२३८ वर चालणारा पेसमेकर पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसवला गेला. अशा पेसमेकरांबाबत रुग्ण वारल्यावर ते यंत्र परत मिळवायची व्यवस्था करावी लागली. जिथं माणसाची किंमत होती तिथं शेवटाचा विचार झाला. मायापुरीत ते यंत्र कोणी विकत घेतं, कोण फोडतं, याच्याशी लिलाव करणाऱ्यांचा संवादच नव्हता. ज्ञान एका बाजूला होतं, हात दुसऱ्या बाजूला. आपल्या देशात ही दरी कोणी खणली, हे मी सांगायला नको.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात आदर्श समाजासाठी एक शब्द वापरला आहे, सोशल एंडॉस्मॉसिस. कोलंबियातले त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांच्याकडून आलेला हा शब्द मूळचा जीवशास्त्रातला. पेशीच्या पडद्यातून द्रव आरपार झिरपतो, तसा समाजाच्या एका गटातून दुसऱ्या गटात संपर्क झिरपला पाहिजे, असा त्याचा आशय. जात हा झिरपणं थांबवणारा पडदा आहे. बाबासाहेबांनी तो पडदा कामाच्या जागी भोगला. १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकत. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक असताना सहकाऱ्यांनी त्यांच्या पाणी पिण्यावर आक्षेप घेतला. जिथं पाणी वर्ज्य तिथं गप्पा कुठल्या? म्हणून मी म्हणतो, कामाच्या जागच्या साध्या बोलण्याचा प्रश्न हा लोकशाहीचा प्रश्न आहे.

काही मित्र म्हणतील, ही चमचेगिरीची शिकवण झाली. अजिबात नाही. चमचेगिरी वरच्या दिशेनं, फायद्यासाठी आणि ओळख लपवून होते. मी म्हणतोय ते बोलणं चारही दिशांनी आणि आपलं नाव सांगून करायचं आहे. दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे: जातीचा प्रश्न गप्पांनी सुटत नाही, त्याला कायदा आणि प्रतिनिधित्व लागतं. मान्य. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज गेले, तरी दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणं कमी येतं. हा भेदभाव हसून बोलल्यानं जाणार नाही. पण समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडलं आहे की नोकरीची बातमी बऱ्याचदा जिवलग मित्रांकडून न येता तोंडओळखीच्या माणसांकडून येते. सवर्णांना ही तोंडओळख घरातून, नात्यातून फुकट मिळते. आपल्याला ती कमवावी लागते. आरक्षणाची लढाई लढायचीच, पण ती लढताना टपरीवरची जागा सोडून देऊ नका.

आमच्या नोंदीला शेवटी एक पान जोडलं: 'मीटर मोडीत निघाल्यावर'. ते मावशींच्या प्रश्नातून आलं, हे मी बैठकीत सांगितलं. अणुबॅटरी तर आली नाही. पण आता संपलेले लिथियम सेल वेगळ्या डब्यात जमा होतात आणि परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जातात. मावशींचे दीर आमचे सेल फोडत नाहीत. दुसऱ्या कंपन्यांचे अजून फोडतात, म्हणून पुढच्या रविवारी विहारात भंगार वेचणाऱ्या बांधवांसमोर कोणते सेल का फोडायचे नाहीत हे मी बोलणार आहे. माहितीपत्रकाचा मराठी तर्जुमा केलाय, एका पानाचा.

तुम्ही जिथं काम करता तिथं उद्या चहाच्या सुट्टीत बाहेर पडा. तिसरा प्रश्न आला तर मान वर करून उत्तर द्या आणि तिथंच उभे राहा. मग कप घेऊन भिंतीच्या कडेलाही जाऊन बसा. तुम्हाला जे माहीत आहे ते तिथं पोहोचवा, आणि तिथं जे माहीत आहे ते वरच्या टेबलापर्यंत न्या.

जय भीम!