बरव्यांबद्दल तेवढं बोला!

८ फेब्रुवारी २०१९. मुंबईच्या एनजीएमएत, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या मोठ्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. बोलायला उभे राहिले अमोल पालेकर. पालेकर म्हटलं की आपल्याला 'गोलमाल' आठवतो, पण हा माणूस मूळचा जे.जे.चा, चित्रकलेचा. म्हणजे एका चित्रकाराबद्दल दुसरा चित्रकार बोलणार होता.

बोलता बोलता त्यांनी विषय काढला. मुंबई आणि बेंगळुरूच्या स्थानिक कलाकारांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्या, बरव्यांचं हे प्रदर्शन अशा समितीने ठरवलेलं शेवटचंच. आता सगळं दिल्लीतून ठरणार का? झालं! मध्येच थांबवलं गेलं. बरव्यांबद्दल तेवढं बोला, असं सांगण्यात आलं. तो व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल.

माझं म्हणणं, पालेकर बरव्यांबद्दलच बोलत होते.

बरवे आपल्या कोकणातले. जन्म १९३६, अलिबागजवळच्या नागावचा. नागावचा बीच सगळ्यांना ठाऊक, बरवे किती जणांना? जे.जे.तून बाहेर पडल्यावर वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये वीसेक वर्षं नोकरी केली, हातमागाच्या कापडाची डिझाइनं करायची. त्यासोबत स्वतःची चित्रं चालू. दारं-खिडक्यांना लावतात तो एनॅमल रंग त्यांनी कॅनव्हासवर आणला. पान, घड्याळ, सफरचंद अशा रोजच्या वस्तू, मोकळ्या जागेत सुट्या सुट्या ठेवलेल्या. पहिल्यांदा बघताना काही कळत नाही, खरं सांगतो. 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचं मराठी पुस्तक वाचलं की मग हळूहळू डोळे बसतात. १९९५ मध्ये गेले, वय अवघं ५९.

असल्या चित्रकाराचं प्रदर्शन लावायचं ठरतं, कारण ठरवणाऱ्यांत त्याची चित्रं बघत वाढलेलं कुणीतरी बसलेलं असतं. फाइल वाचून हे कसं कळणार?

आपल्या जिल्ह्यात सावर्ड्याला, देवरुखला कला महाविद्यालयं आहेत. दरवर्षी मुलं बाहेर पडतात. उद्या त्यांच्यातल्या एखाद्याचं काम मुंबईत लावायचं की नाही हे ठरवताना त्या टेबलाशी एक तरी चित्रकार असेल का, इकडची लाल माती पाहिलेला?

हार घालून, चार गोड शब्द बोलून खाली बसणं पालेकरांनाही जमलंच असतं की. आपल्याकडच्या सभांत दुसरं काय चालतं!