पन्हाळगड आणि शाहिराची बिदागी

कोल्हापूरच्या वायव्येस बारा मैलांवरील पन्हाळगड अफजलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांनीं, १६५९ च्या नोव्हेंबरांत, शिवरायांच्या हातीं आला. त्या वधाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासास घोडा व शेरभर सोन्याचा तोडा मिळाला, असें सांगतात. असा दाता प्रत्येक शाहिरास कोठून लाभणार?

१६६० सालीं महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यांतून याच गडावरून निसटले. त्या रात्रीचे पोवाडे आज तीन दरवाजाच्या सावलींत बसून मोबाइलवर ऐकतां येतात. पण शाहिराच्या पदरीं काय पडतें? गडावरील अंबरखान्याच्या गंगा कोठींत जसें साऱ्या मुलखाचें धान्य एक होई, तशी बहुतेक संगीतसेवांत सर्वांची वर्गणी एका राशींत पडते व कोणाचें गाणें किती वाजलें त्या प्रमाणांत वांटली जाते. केवळ पोवाडेच ऐकणाऱ्या भक्ताचे रुपयेही मग बहुतांशीं चित्रपटगीतांकडे जातात! स्पॉटिफायवर तर २०२४ पासून वर्षांत १००० वेळां न वाजलेल्या ध्वनिमुद्रणास कांहींच मिळत नाहीं.

यूट्यूबच्या थेट कार्यक्रमांत मात्र रसिकास गायकाच्या नांवें पैसे पाठवितां येतात. नांव घेण्यास संकोच वाटतो, पण ही दौलतजादेची धाकटी बहीणच म्हणावयाची. शंभरांतले सुमारें तीस रुपये कंपनी ठेवून घेते. डफापुढें ठेवलेल्या नोटेस हा वटाव लागत नाहीं.