१२१ इंच, ९६ खिळे

स्नोमोबाईल म्हणजे काय, हे पुण्यातल्या माणसाला फोनवर समजावून सांगणं हा एक स्वतंत्र छंद आहे. मी सांगतो, बुलेटचं पुढचं चाक काढा, त्या जागी दोन स्की लावा. मागचं चाक काढून रणगाड्यासारखा रबरी पट्टा लावा आणि हे सगळं प्रकरण गोठलेल्या तळ्यावर सोडून द्या. पलीकडून हमखास एकच प्रश्न येतो, "अरे, पण थांबते कशी?"

हसू नका मंडळी. प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. या वीकांताचा लेख त्यावरच आहे.

मी मिनेसोटाच्या उत्तरेला राहतो. इकडे स्नोमोबाईल म्हणजे नुसती चैन नव्हे, ती आपल्याकडच्या एम-८० सारखी घरोघरी असते. पोलारिसची स्नोमोबाईल १९५० च्या दशकात याच राज्यातल्या रोझो नावाच्या छोट्या गावात जन्मली. त्याआधीची गोष्ट कॅनडातली. जोसेफ-आर्मां बोंबार्दिये नावाच्या मेकॅनिकचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात आजारी पडला आणि बर्फामुळे त्याला हॉस्पिटलपर्यंत नेता आलं नाही. मुलगा गेला. बापाने १९३७ मध्ये स्प्रॉकेटवर फिरणाऱ्या पट्ट्याचं पेटंट मिळवलं, आणि १९५९ मध्ये त्याच्याच कंपनीची स्की-डू बाजारात आली. हे वाचल्यापासून या यंत्राकडे नुसतं खेळणं म्हणून बघणं मला जमत नाही.

असो. माझ्याकडे आहे नव्वदच्या दशकातली, लिक्विड कूल्ड, दोन सिलिंडरची जुनी इंडी. मागच्या मालकाने ट्रॅकला खिळे, म्हणजे स्टड्स, मारून घेतले होते. या वर्षी थंडी सुरू होताना गॅरेजमध्ये मोजदाद केली. ९६ पैकी २३ गायब, ११ वाकलेले, आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांची टोकं गोटीसारखी गुळगुळीत. मुलगी आठ वर्षांची झालीये. तळ्यापलीकडे मासे पकडायची जी झोपडी आहे तिथे माझ्या मागे बसून यायचा तिचा हट्ट. बायकोने एकच अट घातली, "बर्फावर थांबते का ते आधी सांग. मग बघू."

तर थांबण्याचं गणित असं. स्नोमोबाईलचा ब्रेक स्कीला लागत नाही, तो ट्रॅक फिरवणाऱ्या यंत्रणेला लागतो. म्हणजे ब्रेक दाबला की थांबतो तो ट्रॅक, गाडी नव्हे! खाली मऊ बर्फ असेल तर रबराचे दात त्यात रुततात आणि गाडीही थांबते. पण वाऱ्याने झाडून स्वच्छ केलेलं, काचेसारखं तळं असेल तर अडकलेला ट्रॅक नुसता साबणावरून घसरल्यासारखा जातो. तिथे बर्फात घुसणारं काहीतरी टोकदार लागतं. आपल्याकडे बैलांना पत्र्या मारतात ना, तसंच. फक्त इथल्या खिळ्याच्या टोकाला टंगस्टन कार्बाइड असतं, कारण साधं पोलाद दगडावर आणि डांबरावर लवकर बोथट होतं.

पहिला प्रश्न, नुसते खिळे बदलायचे की अख्खा ट्रॅक? आमच्या धंद्यातला जुनाच वाद: लेगसी कोडला ठिगळ लावायचं की नव्याने लिहायचं? इथेही नियम तोच. आधी नीट वाचा, मग मत बनवा. मी मागची बाजू स्टँडवर उचलली, इंजिन बंद ठेवून ट्रॅक हाताने इंच इंच फिरवला आणि तीन गोष्टी पाहिल्या. रबराला पडलेल्या भेगा वरवरच्या आहेत की आतल्या कापडापर्यंत गेल्यात? आडव्या फायबरग्लासच्या काड्या शाबूत आहेत का? (ट्रॅकची कड हाताने वाकवून बघायची. काडी मोडलेली असेल तिथे ती लोळागोळा होते.) आणि तिसरं, गायब खिळ्यांची भोकं गोल आहेत की फाटून लांबट झालीत?

माझ्या ट्रॅकच्या भेगा वरवरच्या निघाल्या. काडी एकही मोडलेली नव्हती. पण नऊ भोकं फाटलेली होती. काड्या मोडलेल्या किंवा कापड उसवलेलं असतं तर पुढे वाचायची गरज नव्हती, ट्रॅक सरळ भंगारात. अशा ट्रॅकला नवे खिळे मारणं म्हणजे कुजलेल्या दाराला नवं कुलूप.

दुसरा प्रश्न, फक्त ३४ खिळे बदलायचे की सगळे? शेजारचे आजोबा निवृत्त ट्रक मेकॅनिक. त्यांना विचारलं तर म्हणाले, "पोरा, दहा जणांत दोघेच उंच असले तर पालखीचं ओझं कोणावर येईल?" (ते पालखी म्हणाले नाहीत, शवपेटी म्हणाले. मी भाषांतर जरा सौम्य केलंय.) मुद्दा पटला. झिजलेल्यांच्या मधे नवे उंच खिळे बसवले तर सगळा जोर त्यांच्यावर येतो आणि तेच आधी रबर फाडून बाहेर पडतात. ठरलं, सगळे बदलायचे.

तिसरा प्रश्न लांबीचा, आणि इथे हावरटपणा नडतो. खिळ्याचं टोक रबराच्या दाताच्या वर साधारण पाव ते तीन अष्टमांश इंच यायला हवं, बस्स. जास्त लांब खिळा जास्त पकडतो असं वाटतं, पण तो तरफेसारखा वागतो: स्वतः वाकतो आणि ट्रॅकचं भोक फाडतो. शिवाय सीटखाली जो अॅल्युमिनियमचा बोगदा असतो, त्यात लिक्विड कूल्ड गाड्यांचे कूलर असतात. वेगात असताना ट्रॅक बाहेरच्या बाजूला फुगतो, त्यामुळे उभ्या गाडीत मोजलेलं अंतर खरं धरायचं नाही. खिळा कूलरला लागला की कूलंट बर्फावर आणि तुम्ही पायी. म्हणून आत संरक्षक पट्ट्या लावतात. माझ्या गाडीला त्या होत्या, मी फक्त त्या झिजल्या आहेत का ते बघून घेतलं.

किती खिळे? हॉर्सपॉवरमागे एक, असा जुना ठोकताळा आहे. माझा ट्रॅक १२१ इंचांचा, दर २.५२ इंचांवर एक घर, म्हणजे ४८ घरं. घरटी दोन धरले की ९६. मागच्या मालकाचा हिशोब चुकलेला नव्हता. मात्र एकामागचा एक खिळा एकाच रेषेत येता कामा नये, नाहीतर दुसरा खिळा पहिल्याने पाडलेल्या चरातूनच आरामात घसरतो. शिवाय खिळ्याचं डोकं ट्रॅकच्या आतल्या बाजूला असतं. त्यामुळे आतली चाकं आणि सरकपट्ट्या जिथून जातात तिथे भोक पाडायचं नाही. फाटलेल्या नऊ भोकांच्या जागा मी सोडून दिल्या आणि नवी भोकं शेजारच्या धडधाकट रबरात पाडली.

प्रत्यक्ष काम दीड दिवसाचं. गंजलेला नट सोडवताना खिळाही सोबत गोल फिरतो आणि आपण वेड्यासारखे पाना फिरवत बसतो. अशा सतरा नटांना शेवटी ग्राइंडर लावला, रबर जळू नये म्हणून मधे मधे थांबत. नवी भोकं साध्या ड्रिलने नाही, पोकळ कटरने पाडली, तो रबराची गोल गोळी स्वच्छ कापून काढतो. वरून बॅकर प्लेट, मग नट. नायलॉन असलेले लॉकनट जुने वापरायचे नाहीत, एकदा सोडवले की त्यांची पकड पूर्वीसारखी राहत नाही. आवळायचं ते डोकं रबरात सपाट बसेपर्यंत. पहिल्या फेरीनंतर सगळे नट परत तपासायचे.

आणि एक गोष्ट जाड अक्षरात समजा: खिळे मारलेला ट्रॅक हवेत उचलून इंजिनने फिरवताना मागे कोणीही उभं राहायचं नाही. सुटलेला खिळा बंदुकीच्या गोळीसारखा येतो. मी काम करत होतो तोवर मुलीला गॅरेजबंदी होती.

मागची पकड वाढली की पुढचीही वाढवावी लागते. नाहीतर तुम्ही हँडल वळवता आणि गाडी सरळच ढकलली जाते. म्हणून स्कीखालच्या कार्बाइडच्या पट्ट्याही बदलल्या. मिनेसोटात सार्वजनिक डांबरी ट्रेल्सवर खिळेवाल्या गाड्यांना बंदी आहे, स्थानिक सवलत असेल तेवढीच सूट. भुसभुशीत खोल बर्फात तर खिळ्यांचा उपयोग शून्य. म्हणजे हा सगळा खटाटोप माझ्यासारख्या तळी ओलांडणाऱ्यांसाठी.

खिळे एका बाबतीत मात्र काहीच करू शकत नाहीत. स्नोमोबाईलसाठी नवा, पारदर्शक बर्फ किमान ५ ते ७ इंच जाड हवा असं इथलं सरकारी खातं सांगतं. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला सर्वांत उबदार होता, तळी नीट गोठलीच नाहीत. अशा वर्षी सर्वोत्तम स्टड म्हणजे गॅरेजचं कुलूप.

या वर्षी ड्रिलने भोक पाडून मोजलं, १४ इंच भरला. एकट्याने जाऊन ताशी वीस मैलांवर ब्रेक दाबला आणि घसरलेलं अंतर पावलांनी मोजलं. जुन्या खिळ्यांवर नोव्हेंबर संपताना ५३ पावलं आली होती. नव्यांवर २७.

मी हा आकडा मोठ्या अभिमानाने घरी सांगितला. बायकोने अंगणात उभं राहून २७ पावलं मोजली, ती थेट शेजाऱ्यांच्या कुंपणाशी पोचली. तिथूनच म्हणाली, "म्हणजे एवढं लांब? मग ती मागे बसलेली असताना पंधराच्या वर जायचं नाही."

पंधराच्या वर जात नाही.