मालकांना विचारून सांगतो

खारघरात भाड्याचं घर बघायला गेलं की एजंट आधी खिडकी उघडतो. स्वयंपाकघर, न्हाणीघर, पाणी किती वाजता येतं, टँकर मागवावा लागतो का, हे सगळं नंतर. आधी खिडकी आणि खिडकीत डोंगर. ‘हिल व्ह्यू आहे सर,’ हे तो अशा सुरात म्हणतो की डोंगर त्यानेच आणून ठेवला असावा. जुलैत त्याचं म्हणणं पटतंही. कड्यावरून पांढऱ्या धारा उतरतात, पांडवकड्याकडे जायला बंदी असल्याचे फलक लागतात आणि तरी रविवारी तिकडे वळणाऱ्या मोटारसायकली काही कमी होत नाहीत. दिवाळीनंतर डोंगर पिवळा पडू लागतो, मेपर्यंत पार करपतो. वरच्या फणसवाडी-चाफेवाडीतल्या लोकांना त्याचे बाराही महिने ठाऊक असतात. भाडं मात्र वर्षभर जुलैतल्या डोंगराचं घेतात.

आम्ही शोधत होतो ते दिवाळीनंतर. विमानतळ येणार, येणार म्हणता म्हणता ८ ऑक्टोबर २०२५ला त्याचं उद्घाटन झालं आणि आमच्या घरमालकांनी फ्लॅट विकायला काढला. त्यात त्यांची चूक नाही. एवढी वर्षं हप्ते फेडत ज्या दिवसाची वाट पाहिली तो आला, तर माणूस भाडेकरूचं तोंड बघत बसणार थोडाच. अकरा महिन्यांच्या कराराची शेवटची पानं उरली होती. आम्ही चौघं, एक कपाट, एक हार्मोनियम आणि पुस्तकांची खोकी, एवढा संसार घेऊन नवं छप्पर बघायला निघालो.

संध्याकाळी खारघर बघण्यासारखं असतं. रुंद रस्ते, उत्सव चौकातली गर्दी, सेंट्रल पार्ककडे चालायला निघालेली जोडपी, वरून जाणारी मेट्रो. गॅलऱ्यांमधून दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरले नव्हते. रस्त्यावरून वर बघत चालताना वाटायचं, एवढ्या उजेडाच्या खिडक्यांतून एखादी आपल्याला मिळायला काय हरकत आहे! घर शोधणाऱ्याला ही सवयच लागते. तो लोकांच्या खिडक्यांत बघत चालतो आणि कुठली अंधारी आहे ते हेरतो. अंधारी म्हणजे रिकामी. खारघरात अशा पुष्कळ आहेत. गुंतवणूक म्हणून घेतलेले, कुलूप लावलेले फ्लॅट. घरं कमी आहेत म्हणून आमची पायपीट झाली, असं मला म्हणता येत नाही.

शिवाय हे शहर तर सगळ्यांना जागा व्हावी म्हणूनच कागदावर आखलेलं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १७ मार्च १९७०ला सिडको स्थापन झाली. सिडकोनं घरं बांधली ती उत्पन्नगट बघून: अल्प, मध्यम, उच्च. जात-पंथ बघून नव्हे. ‘घरकुल’, ‘स्पॅगेटी’, ‘वास्तुविहार’ अशी नावं दिली. ती ऐकून कोण राहत असेल याचा पत्ता लागत नाही. जुन्या मुंबईचं तसं नव्हतं. तिथं सहकारी गृहनिर्माणाची सुरुवातच ज्ञातीपासून झाली. गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ची, तर वांद्र्याची साल्सेट कॅथलिक सोसायटी १९१८ची. म्हणजे आपल्या माणसांची भिंत बांधण्यात आमचे ख्रिस्ती लोकही मागे नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. गाऱ्हाणं घालायचं तर सगळा हिशेब मांडून घालावा.

सेक्टरला आकडा असतो, पूर्वज नसतात. मला खारघर आवडलं ते यासाठीच. इथं कुणाच्या आजोबांनी कुणाच्या आजोबांना विहिरीवर अडवलेलं नाही. मजला चौथा असो की चौदावा, सगळेच बाहेरून आलेले. मग घर दाखवताना एजंट विचारतो ते कशासाठी?

तो आधी विचारतो, ‘फॅमिली ना?’ हो. ‘सरांचं नेटिव्ह?’ नगर. त्याचा चेहरा खुलतो. आडनावही त्याच्या ओळखीचं निघतं. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती घरांची आडनावं गावातल्या इतर घरांसारखीच असतात. साळवे, गायकवाड, कदम, काहीही. अमेरिकन मराठी मिशन १८३१मध्ये नगरला पोचलं. तेव्हापासून आमच्याकडे पिढ्या बदलल्या, प्रार्थना बदलली, आडनाव आणि भाकरी तीच राहिली. एजंटला हे माहीत असायचं कारण नाही. तो खुशीत फॉर्म भरायला घेतो. मुलांची नावं विचारतो. मोठी रूथ, धाकटा शमुवेल. पेन थांबतं.

मी अनेक वर्षं पाहतो आहे, इथं कुणी अपमान करत नाही. कुणी दार आपटत नाही. पेन थांबतं, मग पुन्हा चालू लागतं, आणि जिना उतरताना तो म्हणतो, ‘मालकांना विचारून सांगतो.’ मालक दुबईला असतात. मालक गावाला गेलेले असतात. मालकांच्या भाच्याला अचानक घर हवं असतं. एका ठिकाणी तर टोकन घेतलं, चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी टोकन परत आलं, सोबत ‘सॉरी सर’ आणि हात जोडलेलं चित्र. अशा नकाराशी भांडता येत नाही, कारण तो नकार दिलाच कुणी नसतो.

कायदा आहे ना, असं मित्र म्हणतात. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला कुठं अडवता येणार नाही त्याची यादी आहे. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते. त्या यादीत भाड्याचं घर नाही. विहीर तेव्हा डोळ्यांसमोर होती, वन बीएचके नव्हता. अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००५मध्ये सांगितलं की, समाजापुरतं सभासदत्व ठेवण्याचा नियम सोसायटीला करता येतो. भाडेकरूचा प्रश्न तर त्याच्याही खालचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा करार लेखी करा, नोंदवा म्हणतो आणि ती जबाबदारी मालकावर टाकतो. करार कुणाशी करावा हे तो सांगत नाही.

एकदा मात्र एका मालकीणबाईंनी स्पष्ट विचारलं आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. ‘नॉनव्हेज करता का हो घरात?’ करतो म्हटलं. ‘मग नाही जमणार भाऊ, आमचं देवाचं असतं.’ ठीक आहे. यात निदान एक प्रश्न आणि एक उत्तर होतं. परतताना मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी पुढे काही वर्षांनी. मधल्या काळात त्या नवऱ्याजवळ नगरला आल्या तेव्हा ख्रिस्ती माणसांच्या गजबजाटात त्यांनी आपली चूल आणि पाणी वेगळं ठेवलं होतं. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना त्या सोवळ्याचा कुणाला राग येत नाही, कारण त्या स्वतःच त्यावर हसतात आणि हसता हसता त्यातून बाहेर पडतात. नगर, राहुरी, सातारा, पुढे कराची. किती बिऱ्हाडं केली त्या बाईंनी! आपल्या घरातली चूल वेगळी ठेवणं एक. परक्याच्या घरातली चूल आधीच ठरवून टाकणं वेगळं, एवढंच त्या दिवशी रिक्षात बसल्या बसल्या डोक्यात आलं.

दुसरी अट जास्त अवघड निघाली. ‘घरात प्रार्थना वगैरे भरवू नका. सोसायटीत बोलतात लोक.’ आमच्याकडे महिन्यातून एकदा मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, तीन-चार कुटुंबं जमतात. ‘उपासना संगीत’मधली गाणी, हार्मोनियम, पाळकांचं छोटंसं वचन, मग चहा आणि पोहे. नवीन घरात गेलं, भाड्याचं का असेना, तर उपकारस्तुती केल्याशिवाय सामानाची खोकी सुटत नाहीत. पलीकडच्या फ्लॅटमधला सत्यनारायण माईकवर असतो आणि आम्ही प्रसादाला जातो, तो शिरा मला आवडतोही. तेव्हा गाण्याचा त्रास होतो म्हणावं तर तसंही नाही. लोक ‘बोलतात’ म्हणजे काय बोलतात, हे मी विचारलं नाही. हल्ली ते न विचारताच कळतं.

गंमत म्हणजे आमची मंडळीच भाडेकरू आहे. नव्या शहरात अशा कितीतरी मंडळ्या रविवारी शाळेच्या नाहीतर कसल्याशा हॉलमध्ये भरतात. सकाळी एका भाषेची उपासना, दुपारी दुसऱ्या. मल्याळी, तमिळ, इंग्रजी, मराठी. मराठी बहुधा सर्वांत लहान. खुर्च्या लावायच्या, क्रूस टेबलावर ठेवायचा, दीड तासानं सगळं उचलून हॉल झाडून द्यायचा. पाळक एकदा उपदेशात म्हणाले, अब्राहाम तंबूत राहायचा. मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, ‘त्याला डिपॉझिट नव्हतं.’

या वणवणीत एक गोष्ट दिसली, ती एरवी दिसली नसती. खारघरमध्ये टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन आणि उपचार केंद्र आहे. त्यामुळे घर शोधणाऱ्यांत आमच्यासारख्यांच्या बाजूला आणखी एक रांग असते. मुलीच्या केमोसाठी जळगावहून आलेले आईबाप, तोंडाला फडका बांधलेला म्हातारा आणि त्याची सून. त्यांना तीन महिन्यांसाठी एक खोली हवी असते. त्यांनाही एजंट विचारून सांगतो म्हणतो. आजारी माणूस नको, बॅचलर नको, अमकी भाषा नको, तमका धर्म नको, एकटी बाई नको. नको असलेल्यांची बेरीज केली तर राहायचं कुणी, असा प्रश्न पडावा. त्या रांगेत उभं राहिल्यावर आपलं दुखणं एकट्याचं वाटेनासं होतं. कमी होत नाही, पण एकट्याचं राहत नाही.

घर शेवटी मिळालं ते सेक्टरमध्ये नव्हे, गावात. कोपरा, बेलपाडा, मुर्बी, पेठ, ओवे. मेट्रोतून खाली बघितलं तर टॉवरांच्या मधे ही गावं चिमटीत धरल्यासारखी दिसतात. नवी मुंबईसाठी ठाणे आणि रायगडच्या पंचाण्णव गावांची जमीन गेली. भातशेती गेली, मिठागरं गेली. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण-जासईकडे आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. जमीन गेल्यावर गावकऱ्यांनी उरल्या जागेत घरावर घर चढवलं. सरकारी भाषेत ती ‘गरजेपोटी’ बांधलेली घरं. त्यांतल्या एकात आम्ही आता राहतो. खिडकीत डोंगर नाही, शेजारच्या घराची मोरी आहे.

मालकीण काकी आगरी. घर दाखवताना त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, ‘म्हावरा खाता ना?’ खातो म्हटल्यावर म्हणाल्या, ‘मंग झाला.’ मी आपणहून सांगितलं, आम्ही ख्रिश्चन आहोत. त्यांनी मान डोलावली आणि गाडी गल्लीत आडवी लावायची नाही, पाण्याचं बिल वेगळं, एवढं बजावलं. याचं मी काव्य करणार नाही. डिपॉझिट त्यांनी एक रुपया कमी केलं नाही आणि दोन घरं सोडून राहणारे दुसरे मालक उत्तरेकडच्या पोरांना खोली देत नाहीत, हेही मला ठाऊक आहे. पण ज्यांच्या शेतावर हे शहर उभं राहिलं त्यांनी चार मिनिटांत घर दिलं आणि जे माझ्यासारखेच कालपरवा इथं आले त्यांना मालकांना विचारावं लागलं, हे विसरताही येत नाही.

अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस घरी आला, करार नोंदला गेला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही नाताळचा तारा लावला. शेजारची मुलं आकाशकंदील उतरवायला उशीर झाला का म्हणून विचारून गेली. उपकारस्तुतीला काकी येऊन बसल्या, गाणं लांबलं तेव्हा मधेच उठून गेल्या, आणि पोहे मात्र घरी मागवून घेतले.

आता हे वाचणाऱ्यांत खारघरात एखादा रिकामा फ्लॅट असणारं कुणीतरी असेलच. तुमचं घर आहे, ते कुणाला द्यायचं हे तुम्ही ठरवणार. दिलंत तर उत्तम. नसेल द्यायचं तर आमचं नाव ऐकल्याबरोबर एजंटला फोनवरच नाही म्हणून सांगायला लावा. आम्हाला चार जिने चढवून, डोंगर दाखवून मग गावाला जाऊ नका.