बाबांचा बंपर

बाबांची ऑल्टो म्हणजे एकदम बेस मॉडेल. काळा, खरखरीत बंपर, तोही उन्हाने पांढरट पडलेला. त्या वर्षी माझी इंजिनीअरिंगची फी होती, म्हणून गाडीच्या रंगाचा बंपर असलेलं मॉडेल त्यांनी सोडलं. हे आईने मला सांगितलं ते नोकरी लागल्यावर! मग काय, एका वीकेंडला स्प्रे कॅन घेऊन पुण्याहून थेट नगर. (आता अहिल्यानगर, पण जिभेला नगरच येतं.)

मारला रंग. भारी दिसला. महिन्याभरात पापुद्रे सुटले. बाबा काही बोलले नाहीत, फक्त गाडी भिंतीकडे तोंड करून लावायला लागले.

सावेडीतले पेंटर चाचा हसलेच. ‘‘आतून बघ, पीपी लिहिलंय. पॉलिप्रॉपिलीन. याला रंग धरतच नाय. धुतला होता?’’ नव्हता.

पुढच्या दोन सुट्ट्या त्यातच गेल्या. आधी साबणाने धुणं, जुनं पॉलिश काढणं. मग 180 चा पेपर, मग 320. दाणे सपाट होतात, पण प्लास्टिकला बारीक लव सुटते. ती 600 ने पाणी लावून घासायची. मग प्लास्टिकचा खास प्रायमर (हा चुकला की सगळं मुसळ केरात!), फिलर प्रायमर, पुन्हा घासणं, रंग, क्लिअर कोट. बोटं सोलली राव.

दिवाळीत बाबा गाडी धूत होते. बंपरवरून हात फिरवला, दोनदा.

‘‘किती खर्च आला रे?’’

मी निम्माच सांगितला.