हिरवा दिवा

परवा आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला एक सेन्सर लावत बसलो होतो. पातळी मोजायची, दर पाच मिनिटांनी घरातल्या छोट्या सर्व्हरला कळवायची, एवढंच काम. बायको म्हणाली, "आकडा येतोय की! मग अजून काय लिहितोयस?" म्हटलं, आकडा यायचा थांबला तर काय करायचं, ते लिहितोय. तिला ते फार पटलं नाही. मलाही २००८ पर्यंत पटलं नसतं.

तेव्हा मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होतो. सर्व्हर रूम म्हणजे खरं तर एक पार्टिशन टाकलेली खोली. पण नेटवर्कवर लक्ष ठेवायला मी मोठ्या हौसेने नागिओस बसवलं होतं. राउटर, स्विच वगैरे मंडळी शहाणी असतात, त्यांना एसएनएमपी कळतं. विचारलं की उत्तर देतात. आमचा यूपीएस मात्र मुका. नेटवर्क कार्डाला साहेबांनी पैसे नाही म्हटलं. पाठीमागे नऊ पिनांचा एक सीरियल पोर्ट होता, तेवढाच आधार.

त्या जातीच्या बऱ्याच यूपीएसना मेगाटेकची भाषा कळते. २४०० बॉडने 'क्यू' आणि '१' अशी दोनच अक्षरं पाठवून एंटर मारायचं, की एक ओळ परत येते. आत येणारं व्होल्टेज, बाहेर जाणारं, लोड किती टक्के, फ्रिक्वेन्सी, बॅटरी, तापमान, आणि शेवटी आठ शून्य-एक. त्यातला पहिला एक झाला की समजायचं वीज गेली, दुसरा एक झाला की बॅटरी संपत आली. पहिल्यांदा ती ओळ स्क्रीनवर उमटली तेव्हा मुकं मूल बोलल्यासारखा आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू!

मग पर्लमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली. क्रॉन दर मिनिटाला यूपीएसला विचारणार आणि उत्तर एका फाइलमध्ये ठेवणार. नागिओसचं प्लगइन ती फाइल वाचणार. नागिओसचं हे एक छान आहे, त्याला तुमच्या भाषेशी देणंघेणं नाही. एक ओळ छापा आणि एक आकडा देऊन बाहेर पडा. ० म्हणजे ओके, १ म्हणजे सावध, २ म्हणजे गंभीर, ३ म्हणजे माहीत नाही. मी ०, १ आणि २ वापरले. ३ कशाला लागतो, हा प्रश्नच पडला नाही. वीज गेल्याचा बिट दहा मिनिटं एकच राहिला तर सर्व्हर नीट बंद करायचा, हेही त्याच फाइलवरून.

पुण्यात तेव्हा गुरुवारी वीज जायची हे तुम्हाला माहीतच असेल. पाच-सहा महिने दर वेळी सर्व्हर शहाण्यासारखा आपोआप बंद झाला. लोक कौतुक करायचे. मीही करून घ्यायचो :-)

मग एका गुरुवारी सकाळी नऊला वीज गेली. आम्ही दहाला पोचलो तर यूपीएस ठार, सर्व्हर ठार आणि डेटाबेसची दोन टेबलं मोडलेली. बॅकअप मंगळवार रात्रीचा. बुधवारच्या सगळ्या नोंदी अकाउंट्सच्या मुलींनी रात्री साडेनऊपर्यंत बसून पुन्हा भरल्या.

कारण अर्ध्या तासात सापडलं. सीरियल केबल निघून पडली होती. कधीपासून? फाइलची तारीख पाहिली. सोमवार सकाळ! म्हणजे तीन दिवस क्रॉन विचारत होता, उत्तर येत नव्हतं, जुनी फाइल तशीच पडून होती, आणि नागिओस बिचारा सोमवारचाच आकडा वाचून हिरवा दिवा दाखवत होता.

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "वायर कोणी काढली?" कुणीतरी म्हणालं, "मावशी झाडायला जातात ना आत." सगळ्यांनी माना हलवल्या. मी गप्प. साहेब मावशींना सगळ्यांसमोर बोलले आणि सर्व्हर रूममध्ये पाय ठेवायचा नाही म्हणून सांगितलं.

त्या केबलच्या कनेक्टरला दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. ते पिळले की झाडू काय, कुत्र्याने ओढली तरी केबल निघत नाही. ते मी कधीच पिळले नव्हते.

त्या रात्री सहा ओळी घातल्या. फाइल पाच मिनिटांपेक्षा जुनी असेल, रिकामी असेल किंवा पहिलं अक्षर कंस नसेल, तर ३ देऊन बाहेर पड. केबल काढून पाहिली, दिवा नारिंगी झाला. परत लावली. या वेळी स्क्रू पिळले.

मावशींना सांगायला मात्र आठ दिवस लागले. चहाचे कप उचलत होत्या. म्हटलं, "मावशी, त्या दिवशी चूक माझी होती, तुमची नाही." त्या थांबल्या. "व्हय? मंग सायबास्नी सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. दुपारी केबिनमध्ये गेलो. साहेबांनी स्क्रू, फाइल, तारीख सगळं ऐकून घेतलं आणि "आता चालतंय ना?" एवढंच विचारलं. मावशींचा विषय त्यांनी काढलाच नाही. तो मला काढावा लागला.

दुसऱ्या दिवसापासून मावशी परत खोली झाडायला लागल्या. यूपीएसच्या मागे मात्र त्यांनी पुन्हा कधी झाडू घातला नाही. तिथली धूळ नोकरी सोडेपर्यंत मीच काढत होतो.