तटस्थ देशाचे लाकडी विमान

दुसऱ्या महायुद्धात सावंतवाडी संस्थानातून तेरेखोलची खाडी ओलांडली की तटस्थ मुलूख सुरू व्हायचा. (तेरेखोलचा किल्ला तेवढा उत्तर काठावर असूनही गोव्याचा.) खाडीअलीकडे इंग्रजांचे युद्ध, पलीकडे युद्धाबाहेरच्या पोर्तुगालचे राज्य. मुरगाव बंदरात एहरेनफेल्ससह तीन जर्मन जहाजे आणि एक इटालियन जहाज आसऱ्याला होते. मार्च 1943 मध्ये कलकत्ता लाइट हॉर्सचे उतारवयाचे राखीव शिपाई बंदरात शिरले आणि एहरेनफेल्सवर चढले. उरलेल्या जहाजांना त्यांच्याच खलाशांनी आगी लावल्या. इतकी ती तटस्थता तकलादू होती. हे शेजारात घडलेले ठाऊक असताना सिंधुदुर्गातल्या माणसाने लढाऊ विमानाची प्रतिकृती करायला घेतली, तर स्पिटफायर किंवा मेसरश्मिट सोडून स्वीडनचे जे-22 करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वीडनने अमेरिकेकडे लढाऊ विमाने मागवली होती. 1940 मध्ये अमेरिकेने ती अडवून धरली. मग बू लुंडबेरी या अभियंत्याने घरच्या घरी विमान आखले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर बर्च लाकडाचा प्लायवुड. इंजिन अमेरिकन ट्विन वॅस्पची नक्कल, तीही परवान्याविना. सप्टेंबर 1942 मध्ये ते पहिल्यांदा उडाले आणि पुढे एकूण 198 विमाने झाली. ही अडचण आणि ही जुळवाजुळव प्रतिकृतीत हाताला लागते. 1:72 प्रमाणात दहा मीटरचे पंख जेमतेम चौदा सेंटीमीटरचे होतात. सवयीने त्यांवर रिव्हेटच्या रांगा कोरल्या की काम फसले, कारण प्लायवुडला रिव्हेट कसले? चाकेही अगदी जवळजवळ, मागे वळून पोटात जाणारी. ती इतर विमानांसारखी पंखांखाली फाकवून बसवली तर ते जे-22 राहत नाही.

कोणी म्हणेल, या विमानाने लढाई कुठे गाजवली? नाही गाजवली. पण सिंधुदुर्ग किल्ल्याचे मोल त्याच्यावर किती गोळे पडले यावरून मालवणात कोणी ठरवत नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. स्वीडन जर्मनीला लोहखनिज विकत होता आणि रजेवरचे जर्मन सैनिक आपल्या रेल्वेतून जाऊ देत होता. मग कसली तटस्थता? आक्षेप खरा आहे आणि मॉडेलशेजारच्या पाटीवर तोही लिहावा. ही सैनिकांची वाहतूक ऑगस्ट 1943 मध्ये बंद झाली. त्यात जर्मनीच्या फिरलेल्या नशिबाचा वाटा मोठा, हेही मान्य. तरी ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या हाताशी काहीतरी असावे लागते. मुरगावात ते नव्हते; स्वीडनच्या कारखान्यांतून त्याच सुमारास ते बाहेर पडत होते.

प्लास्टिकच्या संचाचीही गरज नाही. मूळ विमानच लाकडी, आणि लाकडाला आकार देऊन वर रंग चढवणारे हात सावंतवाडीच्या चितार आळीत आजही आहेत. पांगारा मात्र नको. तो मऊ, पंखांची पातळ कड त्यात टिकायची नाही. कोणा चिताऱ्याने हे मनावर घ्यावे. पडताळून पाहायला एक खरे जे-22 लिंकोपिंगच्या हवाई दल संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.